अण्णांची खाडीपलीकडची खेप

शेवगावात रशीदभाईच्या वेल्डिंगच्या दुकानापुढं आमची संध्याकाळची बैठक असते. तिथं किस्से भंगारासारखे साचतात. कुणी टाकत नाही, कुणी उचलूनही नेत नाही. यंदा मात्र कोकणातून ताजा माल आलाय.

झालं असं, आमचे अण्णा रिटायर झाले. अण्णा म्हणजे पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर. आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावांना त्यांनी जन्मभर पाणी घातलं. मी त्यांच्याच पाण्यावर वाढलो. आज मोबाईलचं दुकान टाकून ऐटीत बसलोय, त्यात त्या पाण्याचा वाटा आहे, हे मी कुणालाही सांगतो. मग ठरवलं, या माणसाला एकदा डोळे भरून पाणी दाखवायचं. मालवणकडं तीन दिवसांची बोटीची ट्रिप काढली, रशीदभाईलाही बरोबर घेतलं.

*

आणि माणूस बोटीत बसेना!

पहिल्या दिवशी म्हणाले, पोट बिघडलंय. ते पोट जेवणाच्या टायमाला बरोबर सुधारलं. दुसऱ्या दिवशी रशीदभाईनं खरं कारण काढून घेतलं. अण्णांना पोहता येत नव्हतं. आमच्याकडं कुणाला येतंय? बुडायला तरी पाणी पाहिजे ना.

"जल्मभर पानी माज्या मागं बसलं," अण्णा म्हणाले, "आता मी त्याच्यावर बसू व्हय?"

आम्ही दोघं डॉल्फिन बघून आलो, अण्णा किनाऱ्यावर आमच्या चपला राखत बसले. मला काही ते बरं वाटलं नाही. ज्याच्यासाठी आलो, तोच चपलांपाशी.

*

लॉजवर रशीदभाई नळ सोडून दात घासत होता. अण्णांनी मागून येऊन नळ बंद केला आणि निघून गेले. खिडकीतून अख्खा समुद्र दिसत होता. रशीदभाईनं उरलेले दात एका मगात उरकले.

*

अण्णांचा टँकर गळला की वेल्डिंग कायम रशीदभाईचं. त्यांना धीर यावा म्हणून हा गडी वाकून वाकून बोट ठोकून बघायला लागला. नावाडी म्हणाला, फायबरची आहे. तरी यानं सर्टिफिकेट दिलंच, "अण्णा, एक थेंब आत येनार न्हाई."

अण्णा म्हणाले, तुझं वेल्डिंग मला ठाऊक हाय, आठवड्यात परत गळायचं.

*

शेवटचा दिवस उजाडला. चारला आमची भाड्याची गाडी परत निघायची. आमची शेवटची फेरी, आणि अण्णा सवयीनं चपलांपाशी बसलेले. मी आशा सोडली होती.

नावाडी बोटीत निळे ड्रम चढवत होता. विचारलं तर म्हणाला, खाडीपलीकडच्या वाडीची विहीर उन्हाळ्यात खारट होते, प्यायचं पाणी बोटीनंच जातं. तुमची फेरी मारता मारता तेवढं पोचवतो.

अण्णा उठले. एका ड्रमचं झाकण सैल होतं, ते बोटीत चढून घट्ट केलं. ड्रम एकमेकांना टेकवून लावले आणि मधल्याला मिठी मारून बसले. बोट सुटली तरी यांना पत्ता नाही. मी बोलणार, तेवढ्यात रशीदभाईनं माझ्या पायावर पाय दिला.

मध्येच मोठी लाट आली. आम्ही दोघं घाबरून ओरडलो. अण्णाही ओरडले, पण ड्रमवर, "हलू नको!"

पलीकडं बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. अण्णांनी बोटीतूनच आवाज टाकला, "लाईनीत या, भांडू नका. सगळ्यान्ला पुरंल."

आणि पुरलं. शेवटी एक म्हातारी राहिली. तिचा हंडा अण्णांनी स्वतः भरला, उचलून तिच्या दारात नेऊन ठेवला. तिनं त्यांचा हात धरून विचारलं, "सांजेक येतलात मां?"

तिची बोली आमच्या काही ध्यानात येईना. अण्णांनी मात्र हा सांजच्या खेपेचा प्रश्न गावोगावी ऐकलेला.

"येतो," ते म्हणाले.

आमची गाडी चारला निघायची होती. दिवे लागल्यावर निघाली.