हिरव्या काठाचं सूप

आळंदच्या ज्या डाळमिलमध्ये माझी माय काम करते, तिथं बाईला कामावरून काढायचं असलं की मुकादम तोंडानं सांगत नाही. संध्याकाळी प्रत्येक बाई आपलं सूप आतल्या भिंतीला टेकवून घरी जाते. सकाळी जिचं सूप फाटकाबाहेर दिसेल, तिनं ते उचलायचं आणि परत फिरायचं. बाकीच्यांनी मुकाट्यानं आत जायचं. मायनं मला हे सांगितलं होतं, पण मी ते कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली. सुट्टीत मी मायसोबत डाळ पाखडायला जाते. या उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही फाटकाशी पोचलो, तर बाहेर एक सूप पडलेलं. त्याच्या कडेला जुन्या लुगड्याचा हिरवा काठ शिवलेला होता. ते आमच्या शेजारच्या वहिनीचं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. ती बाळंतपणानंतर नुकतीच कामावर आली होती. दुपारी तिची सासू तान्ह्याला फाटकापर्यंत आणायची आणि वहिनी बाहेर जाऊन त्याला पाजायची. आदल्या दिवशी तिला परतायला उशीर झाला होता.

त्या सकाळी सासू आजारी होती म्हणून लेकरू वहिनीच्या कडेवरच होतं. ती सूप उचलायला वाकली. तिचा नवरा पुण्याकडं कामाला गेलेला, त्याचा फोनही लागत नव्हता. हे काम गेलं तर घरात दुसरं काही नव्हतं.

"हात लावू नको," आमच्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणाली. तिला सगळे थोरली अक्का म्हणतात. ती आत गेली आणि स्वतःचं सूप घेऊन आली. हिरव्या काठाच्या सुपाशेजारी तिनं ते ठेवलं. मग माय आत गेली. घरात कुणाला मोठ्यानं न बोलणारी माझी माय सूप घेऊन बाहेर आली, आणि ठेवताना तिनं ते थोडं सरकवून नीट केलं, ताटं मांडते तसं. मग एकेक करून सगळ्याच आल्या. मीही माझं ठेवलं. फाटकाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत सुपं झाली.

मुकादम धावत आला. "हे काय मांडलंय, अक्का?"

"सुपं वाळवायलोत, अण्णा. ऊन बरं पडलंय."

"मस्करी करायलीस व्हय? लॉरी भरायची हाय. मालक मला कच्चा खाईल."

"खाऊ दे की. तुझ्यात खडे लई हायत, आधी पाखडून देतो म्हणावं."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तेवढ्यात मालकाची गाडी आली आणि तिच्यामागं रिकामी लॉरी. मालकानं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. तो खाली उतरला, फाटकाकडं आला आणि सुपांपाशी थांबला.

आमच्याकडं सुपाला पाय लागला तर लोक पाया पडतात. लक्ष्मी असते ती. ते ओलांडून कुणी जात नाही. मालकही आळंदचाच. त्याचा पाय उचललेला मी पाहिला, आणि पुन्हा मागं घेतलेलाही.

"बाजूला करा रे कुणी," तो म्हणाला.

लॉरीचा ड्रायव्हर खिडकीतून बघत होता. त्यानं इंजिन बंद केलं. "मी न्हाई लावत हात, मालक."

लेकरू रडायला लागलं. वहिनी तिथंच फाटकाच्या पायरीवर बसली. बायकांनी तिच्याभोवती पदराचा आडोसा केला आणि तिनं त्याला छातीशी घेतलं. मी पुस्तकात कामगारांच्या संपाबद्दल वाचलं होतं. त्यात घोषणा असतात, मोर्चे असतात. इथं लेकराच्या चुटूचुटू पिण्याचा आवाज येत होता आणि ऐंशी पोती न्यायला आलेली लॉरी त्यासाठी थांबली होती.

"लेकरू आत येईल," थोरली अक्का मालकाला म्हणाली. "झोळी बांधू. रडलं की ती उठेल, पाजेल. कामून उठलीस म्हणून कुणी इचारायचं न्हाई."

मालकानं एकदा रिकाम्या लॉरीकडं पाहिलं. मग मुकादमाला म्हणाला, "घे ती सुपं आत."

मुकादम वाकला.

"पहिलं हिरव्या काठाचं," माय म्हणाली. एवढंच बोलली ती.

त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं.

त्या दिवशी पोत्यांच्या थप्पीपासून लांब, जिथं भुसा उडत नाही तिथं, दोन खांबांना झोळी बांधली गेली. जाता-येता जी ती झोका देत होती. संध्याकाळी सुपं भिंतीला टेकवताना थोरली अक्का म्हणाली, "आता संडासाला दार मागायचं."

"मग उद्या पुन्हा सुपं बाहेर?" मी विचारलं.

"आधी तोंडानं सांगू," माय म्हणाली, आणि वहिनीचं सूप आपल्या सुपाजवळ सरकवून ठेवलं.