सुशीलाबाईंच्या चिंध्या

आम्ही उज्जैनचे जुने मास्तर कुठेही भेटलो, अगदी देवास गेटच्या बसस्टँडवरसुद्धा, की चहा येण्याआधी सुशीलाबाईंचा विषय निघतो. बाई आमच्या शाळेत मराठीच्या वर्गाला शिकवायच्या, मी शेजारी गणित. मधे नुसतं लाकडी पार्टिशन! त्यामुळे त्यांचे किस्से माझ्याकडे न मागता साठत गेले. सांगायला बसलं की आधी हसू येतं, मग येत नाही.

* * *

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं आणि शाळेत खडूचीही मारामार होती. बाईंनी मुलांना सांगितलं, "घरून काहीही आणा. त्याचं काहीतरी करा आणि मग त्याच्याबद्दल मराठीत सांगा."

काहीही म्हणजे काहीही! चिंचोके आले, काड्यापेट्या आल्या, नारळाच्या शेंड्या आल्या. अंतूने घरची मळलेली कणीकच आणली आणि तिचा हत्ती केला. थोड्या वेळात त्याची आई दारात!

"बाई, हद्द झाली! हे जेवायला बसलेत आणि परात रिकामी!"

"अंतूने हत्तीची गोष्ट काय सुंदर रचलीय, ऐकून तर घ्या."

माउलीने गोष्ट ऐकली आणि हत्ती पदराखाली घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी अंतूला विचारलं, "काय रे, हत्तीचं काय झालं?"

"सर, बाबांनी खाल्ला. सोंड मला दिली!"

* * *

पलीकडच्या गोंगाटाने माझी गणितं चुकायची. एकदा तणतणत गेलो. "बाई, भाषा शिकवता की भंगार विकता?"

"सर, ही पोरं घरात मराठी बोलतात, गल्लीत हिंदी. पुस्तक उघडलं की गप्प होतात. हातात काही दिलं की बोलायला लागतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तर काही न देताच बोलताय!"

* * *

पुढे राज्यं नव्याने आखली गेली. आमचं मध्य भारत राज्य नकाशावरून गेलं. ऑफिसं नव्या राजधानीला, भोपाळला निघाली आणि त्यांच्यामागून आमची मराठी कुटुंबं. हेडमास्तरांनी बाईंना स्पष्ट सांगितलं, "पट असाच उतरला तर मराठीचा वर्ग बंद करावा लागेल."

वर्गाला मुलं मिळवायला बाईंनी मराठी घरांचं माधव नगर पालथं घातलं. एका वकिलीणबाईंनी चहा दिला, चिवडा दिला आणि म्हणाल्या, "मराठी आम्ही घरी बोलतोच की! पोराला पुढे नोकरी पाहिजे तर हिंदीच पक्की पाहिजे ना?"

संध्याकाळी बाई परतल्या त्या काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. म्हणाल्या, "मूल कुणी दिलं नाही, सर. चिंध्या मात्र सगळ्यांनी दिल्या!"

* * *

त्या चिंध्यांच्या बाहुल्या झाल्या. प्रत्येक मुलाने आपली स्वतःची बाहुली करायची. गाव सोडून जाणाऱ्याने ती वर्गातच ठेवायची. मग ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगली जायची आणि गोष्टीच्या तासाला उरलेली मुलं तिच्या वतीने बोलायची. हळूहळू भिंत भरली, बाकं रिकामी झाली.

इन्स्पेक्टरसाहेब पट तपासायला आले. त्यांनी पुकारलं, "दिगंबर!"

दिगू भोपाळला जाऊन महिना झाला होता, पण पटावरून त्याचं नाव कुणी कमी केलं नव्हतं. वर्गातल्या शकूने सवयीने त्याची बाहुली खिळ्यावरून काढली आणि त्याच्याच घोगऱ्या आवाजात ओरडली, "हजर!"

"ये क्या तमाशा है?"

"साहेब, तो गेलाय. पण बोलतो," शकू म्हणाली.

साहेबांनी नाव खोडलं. पुढची नावंही खोडत गेले आणि शकू एकेक बाहुली भिंतीवरून उतरवून खाली ठेवत गेली. पार्टिशनच्या फटीतून मी हे बघत होतो. फार वाईट वाटलं. त्या दिवशी मला गणित शिकवता आलं नाही.

* * *

वर्ग बंद झाला. बाईंना हिंदीच्या वर्गावर नेमलं. तो वर्ग व्हरांड्याच्या पलीकडेच होता.

शेवटच्या दिवशी बाई भिंत आवरायला गेल्या, तर खिळ्याला एक नवीन बाहुली. अंगाला नऊवारीची चिंधी, डोळ्यांवर तारेचा चष्मा.

"ही कोण गं, शकू?"

"तुम्ही."

बाई हसल्या. "वेडे, मी कुठे चाललेय? इथेच तर आहे, पलीकडच्या वर्गात! रोज दिसेन तुला."

"हो. पण तिथे तुम्ही मराठी बोलणार नाही ना?"

बाई खिळ्याजवळ गेल्या. खिळ्याला बांधलेली बाहुलीची गाठ सैल होती. त्यांनी ती सोडली आणि नीट घट्ट बांधली.