टेरोसॉरच्या बोटातली अंगठी

गेल्या मंगळवारी चादरीची घडी अर्धीच झाली होती. दोन टोके माझ्या हातात, दोन धाकट्या दिरांच्या. पुढे येऊन टोकाला टोक लावायचे, एवढेच काम. पण भाऊजी जागचे हलेनात. उलट ओरडले, "वहिनी, हलू नका! हाच तो पंख!"

भाऊजींनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. छापील फलक आले आणि त्यांचे ब्रश डब्यात वाळून गेले. यंदा संग्रहालयाने त्यांना एक भिंत दिली. तिच्यावर कोट्यवधी वर्षांपूर्वी उडणारा टेरोसॉर काढायचा. अट एकच, हाडांचा अभ्यास केलेल्या तिथल्या बाईंनी पास केले पाहिजे. नाहीतर वर छापील चित्र चिकटवणार. भाऊजी दोनदा नापास झाले होते. आता शेवटची खेप.

पहिल्यांदा सावली नडली. पाटीवरच्या प्रत्येक अक्षराला उजवीकडे खाली काळी सावली द्यायची, हा त्यांच्या हाताचा धर्म. टेरोसॉरलाही दिली.

"पेंटर, मागे आकाश आहे," बाई म्हणाल्या. "आकाशावर सावली पडेल कशी?"

"सावलीशिवाय उठून दिसत नाही, बाई."

दुसऱ्यांदा पंख वटवाघळाचा निघाला. बाईंनी स्वतःचा हात पसरून समजावले. वटवाघळाची बोटे छत्रीच्या काड्यांसारखी पंखभर असतात. याची पहिली तीन आखूड आणि मोकळी, करंगळी मुळी नाहीच, आणि तिच्या शेजारचे बोट एवढे लांब, की सगळा पंख त्या एकट्यावर ताणलेला, पार घोट्यापर्यंत. भाऊजींनी घरी येऊन हे सांगितले तेव्हा मी हातच जोडले. एका बोटावर जनावर उडवायचे, हे सुचायला देवच हवा.

पण भाऊजींची एक खोड आहे. न पाहिलेली वस्तू त्यांना काढता येत नाही आणि पाहिलेली गाळता येत नाही. चहाच्या दुकानाच्या पाटीवर त्यांनी कप काढला, तर आमच्या कपाचा फुटका कानही त्यावर आला होता.

त्यामुळे त्या मंगळवारी मी जेवणाच्या टेबलावर पालथी. करंगळीशेजारच्या बोटाला झाडूचा दांडा बांधलेला, चादरीचे एक टोक दांड्याला, दुसरे घोट्याला, आणि पंखा पाचवर. मनात नामस्मरण चालू ठेवले. त्या अवस्थेत दुसरे काही करण्यासारखे नव्हतेच.

तेवढ्यात हे आले. टेबलाकडे बघून म्हणाले, "आज जेवायला काय, तू?"

"दादा, बाजूला हो, वारा अडतोय," भाऊजी म्हणाले.

"आणि चोच कोणाची?" मी पडल्या पडल्या विचारले.

"ती झाली मागेच. आत्याचं नाक. तिला सांगू नका."

आज तपासणी होती. पंख माझा, म्हणून मीही गेले. बाईंनी टेप लावला, चष्मा पुसला, पुन्हा टेप लावला.

"बोटं बरोबर. पडदा बरोबर." मग बाई भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. "पेंटर, हे काय?"

लांब बोटाच्या मुळाशी सोनेरी वळे होते. वर बारीक वेलबुट्टी.

"अंगठी."

"टेरोसॉरला?"

"वहिनींची आहे. निघत नाही."

बाईंनी पुन्हा चष्मा पुसला. "याचं लग्न झालंय?"

"दिसलं ते काढलं, बाई."

"सोमवारी दालन उघडणार. तोवर अंगठी गेली तर चित्र राहील. नाहीतर छापील लावू."

बाई गेल्यावर मी म्हटले, "भाऊजी, एवढं काय त्यात? वरून एक हात मारा रंगाचा!"

"कसला रंग, वहिनी? त्याखालचं बोट मी कधी पाहिलंच नाही." त्यांनी ब्रश खाली ठेवला. दोन वेळा नापास झाले तेव्हाही तो ठेवला नव्हता.

खरे सांगायचे तर अठ्ठावीस वर्षांत ते बोट मीही पाहिलेले नाही. घरी येऊन साबण लावला, तेल लावले. ह्यांनी भिंतीला पाय लावून ओढले. अंगठी जागची हलली नाही, मीच दोन पावले सरकले.

"मेलेल्या जनावरासाठी मी लग्नात घातलेली अंगठी कापणार?" हे धापा टाकत म्हणाले.

"जनावरासाठी नाही हो. तुमच्या भावासाठी."

यावर ह्यांनी माझा हात उजेडात धरून अंगठी निरखली. मग म्हणाले, "सोनाराला म्हणावं, कापताना नक्षी वाचव. परत जोडता आली पाहिजे."

चादरीची घडी अजून व्हायचीच आहे. देवापुढे बसून मी त्या उघड्या बोटासाठी आधीच क्षमा मागून ठेवली. उद्या सकाळी सोनाराकडे जाऊन अंगठी कापून घ्यायची आहे. भाऊजी वही-पेन्सिल घेऊन बरोबर येणार आहेत.