रिबनशिवायचं वर्ष

टाइप करताना चूक झाली की आम्ही मुली कागद मशीनमधून ओढून काढायचो, आणि त्याचा बोळा व्हायच्या आत खटखटमास्तर तो आमच्या हातातून घ्यायचे. त्यांच्या क्लासात चुकलेला कागद फाडायला बंदी होती. भलत्या जागी 'त' पडला असेल, तर ते तो कागद स्वतःच्या मशीनवर चढवायचे आणि त्या 'त'च्या आजूबाजूला आणखी 'त' मारत सुटायचे. वर, खाली, तिरके, एकावर एक. थोड्या वेळाने मूळ चूक कुठली ते शोधूनही सापडायचं नाही. कागदावर ताडाचं झाड उभं असायचं. "चूक एकटी पडली की दिसते," मास्तर म्हणायचे. "तिला सोबत द्यायची."

क्लास दहिवलीत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खाली घरघर, वर खटखट. मास्तर आधी मुंबईत एका कचेरीत टायपिस्ट होते; छातीच्या दुखण्याने नोकरी सोडून गावी आले आणि येताना मराठी मशीन घेऊन आले. त्यांचं खरं नाव दहिवलीत कुणी घेत नसे. मुलीला टायपिंग आलं की कचेरीत चिकटते, एवढ्यासाठी आमच्या आईबापांनी आम्हाला तिथे घातलं होतं. मास्तर फावल्या वेळात जे करत, त्याला गावात एकच शब्द होता, कागदाची नासाडी.

मराठी मशीनवर काना वेगळा मारावा लागतो. मास्तरांचा त्या कान्यावर फार जीव. पानभर नुसते काने मारून त्यांनी एकदा भाताची लावणी केली होती. मागे वेलांट्यांचे डोंगर, वर अनुस्वारांचे बगळे. हे पान भिंतीवर लावलं असताना गिरणीत दळण घेऊन आलेले एक शेतकरी सहज माडीवर डोकावले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, रोपं दाट लावलीत. पोसायची नाय." आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी ते पान उतरवलं आणि दोन दिवस बसून पुन्हा केलं, जरा पातळ लावणीचं.

हे असले कागद ते परदेशात पाठवायचे. कर्जत स्टेशनजवळच्या रद्दीत त्यांना एक फाटकं इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात अक्षरांची चित्रं करणाऱ्या कुणाचातरी पत्ता होता. मास्तरांनी लावणीचं पान पाकिटात घालून पाठवलं आणि ब्राझीलहून उत्तर आलं. मग जर्मनीहून, मग जपानहून. रंगीत तिकिटांची पाकिटं बघून गावात कुणी म्हणे मास्तरांचं बाहेर लफडं आहे, कुणी म्हणे हेरगिरी. मी एकदा विचारलं की त्या लोकांना आपली लिपी कळत नाही, मग पाठवून काय उपयोग. "नाय कळत तेच बरं," मास्तर म्हणाले. "वाचता आलं की माणूस बघायचं सोडतो." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. पुढे कचेरीत हजारो कागद वाचल्यावर पटलं.

आलेलं प्रत्येक पत्र आणि आपल्या उत्तराची कार्बन प्रत ते पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे, कडुनिंबाचा पाला घालून. आमच्याकडच्या पावसात भिंतीसुद्धा घाम गाळतात, त्यामुळे वैशाखात सगळी ट्रंक अंगणात उन्हाला निघायची. एका बाजेवर काकूंचे, म्हणजे मास्तरांच्या बायकोचे, पापड, दुसरीवर मास्तरांचे कागद, प्रत्येकावर एकेक खडा. कागद फडफडतात म्हणून कावळे पापडांकडे फिरकत नाहीत, एवढाच त्या कागदांचा उपयोग, असं काकू म्हणायच्या.

काकू कशेळ्याच्या बाजूच्या, शेतकऱ्याघरच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. नवराबायको गप्पा मारत बसली आहेत असं मी कधी पाहिलं नाही. ते पुढे पडवीत, त्या मागे स्वयंपाकघरात, आणि मध्ये घरभर खटखट. पण खटखट थांबली की काकूंचा हातही थांबायचा, आणि पुन्हा सुरू झाली की चहाचं आधण चढायचं.

मला खालापूरला मामलेदार कचेरीत नोकरी लागली तेव्हा मास्तरांनी क्लास बंद करत आणला होता. दमा वाढला होता. दोन शब्द बोलले तरी धाप लागायची. चौक गावच्या डॉक्टरांनी मशीनला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. मी रविवारी जायची, तेव्हा मास्तर पडवीत मशीनपुढेच बसलेले दिसायचे. मशीनमध्ये कागद असायचा आणि तो कोरा असायचा. अजून सुरुवात केली नसेल, असं मला वाटायचं. मला बघून ते हात वर करायचे, बोलायचे नाहीत. असं एक वर्ष गेलं आणि माघातल्या थंडीत मास्तर गेले. माझे वडील गेले तेव्हा मी इतकी रडले नव्हते, हे घरी सांगायची सोय नव्हती.

ते गेल्याचं टपालाला माहीत नव्हतं. पाकिटं येत राहिली. मग मुंबईच्या एका कॉलेजातले प्राध्यापक आले. त्यांना जर्मनीहून कुणीतरी मास्तरांबद्दल लिहिलं होतं. मास्तरांचे कागद कोरड्या कपाटात, नीट जपून ठेवायची त्यांची तयारी होती. सगळं वर्षवार लावून द्याल का, असं त्यांनी मला विचारलं. मी रविवारी पडवीत सतरंजी टाकून बसू लागले. दुपारी काकू मशीनशेजारी कपभर चहा आणून ठेवायच्या. माझा कप वेगळा. मशीनशेजारचा निवला की उचलून स्वतः प्यायच्या. एकदा आतूनच म्हणाल्या, "ऐकलंस गं?" मी नाही म्हटलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण खालापूरच्या कचेरीत जेवायच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद असताना त्या दिवसांत मलाही कुठूनतरी एक मशीन चाललेलं ऐकू यायचं, आणि मी डबा तसाच ठेवून बाहेर उन्हात जाऊन उभी राहायची.

कागद लावून झाले तेव्हा प्राध्यापक बघायला आले. खूश होते. फक्त शेवटच्या वर्षाचं काही दिसत नाही, म्हणाले. तशी नोंद करावी लागेल. एवढं ऐकलं आणि काकूंनी ट्रंकेचं झाकण लावलं. "काय न्यायचं नाय," म्हणाल्या. प्राध्यापक गांगरले. पुढल्या रविवारी टेंपो घेऊन येतो, तोवर विचार करा, असं मला दाराशी सांगून गेले. मी काकूंवर चिडले. ट्रंकेच्या तळाला वाळवी लागली होती ती मी त्यांना दाखवली. आणखी एक पावसाळा गेला तर मास्तरांचं काहीही उरणार नाही, म्हटलं.

"त्यांचं एक वरीस मीच खाल्लं, कुंदे," काकू म्हणाल्या.

मग सांगितलं. डॉक्टर नको म्हणाले तरी मास्तर ऐकेनात, म्हणून काकूंनी एका दुपारी मशीनची शाईची रिबन काढली आणि कणगीत, भाताखाली दडवली. वाटलं, चार दिवस रागावतील आणि पडून राहतील. मास्तरांनी रिबन कुठे गेली ते विचारलंसुद्धा नाही. तसेच बसायचे आणि खटखट करायचे. "मी म्हटलं, रमतात तर रमू दे. शाई नाय तर श्रम नाय, असं मला येडीला वाटलं. आता तो माणूस लिहिणार, शेवटच्या वर्षी कायच केलं नाय. केलं कसं नाय? मी करू दिलं नाय."

त्या कागदांचं काय केलं, मी विचारलं. कोरेच होते की, त्या म्हणाल्या. फुकट कशाला घालवायचे म्हणून पापडाच्या डब्यात थरांमध्ये घातले. मी उठलेच. कचेरीत प्रती काढायला मेणकागदाची स्टेन्सिल कापताना आम्ही रिबनचा खटका बंद करूनच टाइप करतो. अक्षर शाईने उमटत नाही, ठोक्याने उमटतं. डबा खाली काढला. वरचा पापडांचा थर उचलून खालचा तेलकट कागद घेतला, मागीलदारी गेले आणि तिरप्या उन्हात आडवा धरला.

अक्षरं हळूहळू दिसू लागली, पांढऱ्यावर पांढरी. लावणी नव्हती, डोंगर नव्हते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच शब्द होता, अगं. अगं अगं अगं. दुसऱ्या कागदावर तेच, तिसऱ्यावर तेच. त्या पिढीतल्या पुरुषांसारखे मास्तरही काकूंना नावाने हाक मारत नसत. अगं म्हणायचे. आणि त्या वर्षी अगं म्हणायलाही त्यांच्या छातीत दम नव्हता.

कागद लपवावा असं मला फार वाटलं. पण काकूंनी तो घेतला होता. पापड लाटून लाटून त्यांची बोटं कागदाएवढी जाडीही ओळखायची. त्यांनी बोट फिरवत एक ओळ वाचली, मग दुसरी. मास्तर खरंच हाक मारत होते, की हाकेचं चित्र काढत होते, हे मला आजही सांगता येत नाही. काकूंना मी ते सांगून पाहिलं, की हे चित्र असेल, मास्तर असंच करायचे. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी हितंच होते," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत होतं."

पुढल्या रविवारी ट्रंक गेली. काकूंनी स्वतः टेंपोवाल्याला चहा दिला आणि प्राध्यापकांना पत्रं ओली होऊ देऊ नका म्हणून सांगितलं. डब्यातले कागद दिले नाहीत. प्राध्यापकांनी अजिजीने मागितले, तेव्हा म्हणाल्या, "ते माझं टपाल हाय."

टेंपो गेल्यावर आम्ही मागीलदारी भांडी घासत बसलो. घरात कसलाही आवाज नव्हता. काकूंचा हात मध्येच थांबला. पातेलं खाली ठेवून त्या उठल्या, ओले हात पदराला पुसले, "ओ, आले" म्हणाल्या आणि पडवीत गेल्या.