बाबांच्या तळहातावरचा अल्बम

आई गेल्यानंतर मी मुंबई सोडून राजुऱ्याला बाबांजवळ राहायला आलो. सोबत माझा डबल बास होता, माझ्याहून उंच, लाकडी तंतुवाद्य. मुंबईत मी जॅझ वाजवायचो. इथे साथीला कोणीच नव्हतं. पियानो नाही, ड्रम नाही. नुसता खर्जातला रियाज. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलंही, "भाऊ, घरात चक्की टाकली का?"

बाबांना तेवढंही ऐकू येत नसे. कोळशाच्या खाणीत जन्मभर ड्रिल मशीन चालवून त्यांचे कान गेले होते. एका घरात राहून आमचं बोलणं जेवण आणि गोळ्यांपुरतं, तेही हातवाऱ्यांनी.

अल्बम करायचं बरीच वर्षं मनात होतं. शेवटी जुन्या मित्रांना फोन केले. पियानो, सॅक्सोफोन आणि ड्रम वाजवणारे तिघे चंद्रपूरला आले. झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी जिथे रेकॉर्ड होतात, तो स्टुडिओ आम्ही घेतला. बाबांना एकटं ठेवता येईना, म्हणून त्यांनाही नेलं. काचेपलीकडे ते खुर्चीत डुलक्या घेत बसत. मी मात्र कित्येक महिन्यांनी माणसांत आलो होतो. सॅक्सोफोनवाला एखादी जागा घ्यायचा, मी खालून उत्तर द्यायचो आणि तो डोळे मिटूनच खूश व्हायचा.

शेवटच्या दुपारी सगळं मोठ्या स्पीकरवर ऐकायला बसलो. बाबा उठले, स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकवून बराच वेळ उभे राहिले. मग वळून मोठ्यानं म्हणाले, "हे तू होय?"

मी मान हलवली.

"चांगलं वाजवून राह्यला. पन एकटाच काऊन? हे पोरं नाई वाजवत का?"

सॅक्सोफोन तेव्हा अगदी वरच्या सुरात होता, पण लाकडातून बाबांच्या हाताला पोचत होती ती फक्त माझ्या खर्जाची थरथर. तिघेही हसले. मला हसता आलं नाही. मी बाबांच्या कानाशी ओरडलो, "आहेत बाबा, सगळे आहेत." त्यांना ते पोचलं नसावं.

संध्याकाळी मित्रांना स्टेशनवर सोडलं.

दुसऱ्या दिवशी रियाजाला बसलो, तर बाबा खुर्ची ओढून आले आणि बासच्या अंगाला हात लावून बसले. मी अल्बममधलीच चाल धरली. सॅक्सोफोनची जागा आली तशी बोटं आपोआप थांबली.

"थांबला काऊन?" बाबा म्हणाले.