हवालदाराचं तिसरं मेडल

परवापर्यंत ही गोष्ट मी कोणाजवळच बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही – देवापुढे हात जोडले तरी हा विषय तेवढा बाजूला ठेवून जोडले. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही, अन् ते एक बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ कशी पलटते ते मी जाणतो. कोणत्या वाक्याला समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येईल हे मला आधीच कळतं, अन् मग मी नेमकं तेच वाक्य बोलतो. म्हणून लिहून काढतो आहे.

सावली तालुक्यातल्या एका धानाच्या गावात मी अठ्ठावीस वर्षं गुरुजी होतो. आता रिटायर. पण गावात मला गुरुजी म्हणून जेवढा मान, त्याच्या दुप्पट नट म्हणून. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, अन् मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाच्या मोठ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे पुण्या-मुंबईचे नट येतात. आमच्या गावाचं आपलं लहानसं मंडळ. आपला पडदा, आपली पेटी, अन् हिरो म्हणाल तर – मीच. पन्नाशी उलटली तरी मीच. हसा, हसा. माझी बायकोही हसायची.

फौजी माणसाबद्दल मला लहानपणापासून फार वाटतं. हे खोटं नाही, बरं का. पुढे जे सांगणार आहे ते वाचून तुम्ही म्हणाल, कशाचं वाटतं याला, डोंबलाचं! पण वाटतं. मग वाटणाऱ्या माणसाच्या हातून असं कसं झालं? तेच तर मला कळत नाही. की कळतं, अन् मी कळू देत नाही?

असो. लांबण लावतो आहे. मुद्द्यावर येतो.

आमच्या गावातून आजवर चारच जण फौजेत गेले. त्यातले एक दामोधरभाऊ, हवालदार होऊन परत आले. अबोल माणूस. सकाळी धानाच्या बांधीवर जायचं, संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसायचं, कोणी लढाईचं विचारलं तर म्हणायचं, "थंडी लय होती." बस्स. वर बर्फात लढाई झाली तेव्हा ते तिथं होते – पण घरी शेवंताबाईलाही त्यांनी याहून जास्त काही सांगितलं नाही. मग एका उन्हाळ्यात छातीत दुखलं अन् गेले. सावलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळाला नाही. मागे राहिली शेवंताबाई, ऊर्जानगरला कंत्राटावर काम करणारा मुलगा, अन् टिनाच्या डब्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेली तीन मेडलं. दोन नोकरीची. तिसरं लढाईचं.

लक्षात घ्या. त्या माणसाने एक शब्दही सांगितला नव्हता. जे काही सांगायचं ते त्या तिसऱ्या मेडलानेच सांगायचं होतं.

त्या वर्षी मी फौजीवर नाटक लिहिलं. मीच लिहिलं, मीच फौजी. अन् माझ्या डोक्यात खूळ शिरलं – कंपन्यांचे नट टिनाचे बिल्ले लावतात, आपण खरी मेडलं लावायची. गेलो शेवंताबाईकडे. ती धान पाखडत होती. मी मागितलं अन् तिने एकदाही विचार केला नाही.

"घेऊन जा ना गुरुजी," ती म्हणाली. "डब्यात पडून काय करून राह्यलेत ते? तुमच्या आंगावर तरी लोकायले दिसतीन."

नाटकाला ती पहिल्या रांगेत होती. माझ्या छातीवर आपल्या नवऱ्याची मेडलं पाहून तिने पदर डोळ्यांना लावला. मी पाहिलं ते. पाहिलं अन् काय केलं? आवाज आणखी चढवला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसा मी दुसऱ्याच्या शौर्यावर टाळ्या घेत होतो. मारामारीच्या प्रवेशात तर इतकं अंगात आलं की धाडकन पडलो, लोळलो, उठलो. शिट्ट्याच शिट्ट्या!

मेकअप पुसताना पाहतो तर तिसऱ्या मेडलाची रिबन आहे, कडी आहे – खालची चकती नाही.

काय वाटलं असेल मला, सांगा. उजाडल्यावर स्टेजखालचं तणस, धानाचा तो सगळा पेंढा, मी काडी काडी करून पाहिलं. लोकांना म्हटलं, अंगठी हरवली. तिथूनच खोटं सुरू झालं, इतक्या लहान जागेवरून. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी वडशाला गेलो. तिथं नाटकाचे कपडे भाड्याने देणारं एक दुकान आहे. त्याच्या डब्यातून तेवढ्याच मापाची एक चकती निवडली, घरी येऊन वरचं पॉलिश घासून काढलं, नवी चमक घालवली अन् खऱ्या रिबनीला अडकवली. काम इतकं बेमालूम झालं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. हो, कौतुक! लाज नंतर आली.

शेवंताबाईने डबा दोन्ही हातांनी घेतला अन् कपाळाला लावला. तेव्हा सांगायला हवं होतं. हरवलं बाई, चुकलो – एवढंच. ती रडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, पण विषय तिथं संपला असता. मी काय केलं? "जपून ठेवा हं," असं तिलाच सांगून आलो.

त्यानंतर कोरोनाची दोन वर्षं ना मंडई ना नाटक. मलाही विसरायला झालं. मग सगळं सुरळीत झाल्यावर तालुक्याच्या गावी माजी सैनिकांचा अन् त्यांच्या घरच्यांचा सत्कार ठरला. चांगला कार्यक्रम होता, मनापासून केलेला. शाल, श्रीफळ, सगळ्यांना जेवण. सूत्रसंचालन कोणाकडे? माझ्याकडे. निरोप असा होता की मेडलं लावून यावं. मी म्हटलं, कोण इतकं बारीक पाहतं?

पाहणारा निघाला. नागपूरहून एक रिटायर कर्नलसाहेब आले होते, पाहुणे म्हणून. बाकीचे पाहुणे शाल टाकतात अन् कॅमेऱ्याकडे बघतात. हा माणूस तसा नव्हता. तो प्रत्येकासमोर थांबे, एकेक मेडल बोटात धरून तिरपं करी अन् काठावर कोरलेलं वाची – नंबर, हुद्दा, नाव. मोठ्याने, माईकवर. मेडलाच्या काठावर त्या जवानाचं नाव कोरलेलं असतं हे मला, फौजीवर नाटक लिहिणाऱ्या शहाण्याला, ठाऊकच नव्हतं! एकेका माणसाचं नाव घुमत होतं, हॉल टाळ्या वाजवत होता, अन् माईक साहेबांच्या तोंडासमोर धरून मी उभा. रांगेत शेवंताबाई कितवी ते मोजत होतो.

शेवंताबाई पाचवी होती. नवी हिरवी साडी. पहिलं मेडल – हवालदार दामोधर. टाळ्या. दुसरं – पुन्हा टाळ्या. तिसरं त्यांनी बोटात धरलं, काठ पाहिला, हातात तोलून पाहिलं. मग खाली वाकून हळूच म्हणाले, "माताजी, ये वाला असली नहीं है. कहीं बदल तो नहीं गया?"

हळूच म्हणाले हो. भला माणूस. पण माईक मी धरलेला होता ना.

हॉलभर ऐकू गेलं. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. शेवंताबाईने साहेबांकडे नाही पाहिलं – माझ्याकडे पाहिलं. गावचा माणूस म्हणून. आता गुरुजी बोलतील, म्हणून. साहेबांनी तर दार उघडूनच दिलं होतं, बदललं का म्हणून. मी फक्त "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर! अन् ज्या तोंडाने मी तीन-तीन तास बोलतो त्या तोंडाची दातखीळ बसली. नाही – तेही खोटं. दातखीळ नाही बसली. मी बोललो. माईक ओढून घेतला अन् खणखणीत आवाजात म्हटलं, "जोरदार टाळ्या! अन् आता पुढचे सत्कारमूर्ती..."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवंताबाई खाली उतरली. जेवायला थांबली नाही.

गावाचं तोंड कोण धरणार? आठ दिवसांत पारावर सुरू झालं – बजारातून आनला म्हणे बिल्ला. लढाईत कायचा गेला, मेसमध्ये पोळ्या लाटून राह्यला असन. म्हणूनच तर काही सांगत नव्हता! ज्या माणसाचं मौन सगळ्यांना मोठेपणाचं वाटायचं तेच आता चोरीचं वाटू लागलं. मी पारावर बसायचो. ऐकायचो. एकदा "जाऊ द्या रे, मेलेल्या माणसाबद्दल कशाला" असंही म्हणालो. ऐकणाऱ्यांना मी किती मोठ्या मनाचा वाटलो असेन!

अन् आता त्याहून वाईट सांगतो. इथवर तुम्हाला माझी थोडी दया आली असेल तर परत घ्या.

त्याच सालच्या मंडईला आम्ही मंडळाचा पडदा उलगडला. तीन वर्षं गुंडाळून ठेवलेला. घडीतून काहीतरी खणकन माझ्या पायाशी पडलं. उचललं. काठावर इंग्रजी अक्षरं – नंबर, हवालदार, दामोधर.

देवाने हातात आणून दिलं म्हणा ना! खिशात घातलं अन् तडक शेवंताबाईकडे गेलो. देणारच होतो. ती ओसरीवर बसली होती. मला पाहून आत गेली अन् दामोधरभाऊंचं डिस्चार्जचं पुस्तक घेऊन आली. तिला वाचता येत नाही.

"गुरुजी, तुमी शिकेल आहा," ती म्हणाली. "खरं सांगा. हे लढाईत होते का नाई?"

मी पुस्तक पाहिलं. लिहिलं होतं त्यात. म्हटलं, "होते बाई. हे काय, इथी लिवलं आहे."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "तुमी माह्या मनासाठी म्हनून राह्यले. कागदावर कोनी बी लिवते. मग बिल्ला काऊन खोटा निंगला?"

तिचा प्रश्न चुकीचा होता का? अन् त्याचं उत्तर माझ्या खिशात होतं. मांडीला टोचत होतं. मी बाहेर काढलं असतं तर तिने विचारलं असतं – हे तुमच्यापाशी कसं? मग गाव. मग मंडळ. मग "गुरुजी, तुमीसुद्धा?" एवढंच माझं जाणार होतं – लोकांच्या नजरेतली जागा. तिचा तर नवरा चालला होता, मेल्यानंतर दुसऱ्यांदा. मी चहा प्यालो. तिने दिलेला, दुधाचा. अन् खिशातलं खिशात घेऊन घरी आलो.

तीन वर्षं ते माझ्या कपाटात होतं, पेन्शनच्या कागदांखाली. वाटेत शेवंताबाई दिसली की मी विचारायचो, बरं आहे ना बाई? ती म्हणायची, बरं आहे. तिने सत्कारांना जाणं सोडलं. उरलेली दोन मेडलं कुठं ठेवली कोणास ठाऊक. मुलगा ऊर्जानगरहून आला की सायकल पारावरून न नेता मागच्या रस्त्याने न्यायचा, हेही मी पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर भर दुपार होती, रोज.

आता परवाचं. शाळेसमोर एक दगड बसवायचा आहे, गावच्या फौजींची नावं कोरून. चार नावं. माझं अक्षर चांगलं म्हणून यादी माझ्याकडे. शेवंताबाईला कुठून तरी कळलं अन् ती माझ्या घरी आली. कधी येत नाही. दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना.

"गुरुजी, एक काम होतं," ती म्हणाली. "त्यायचं नाव नोका टाकू दगडावर. लोक हासतीन. शाळेतले लेकरं बी वाचतीन."

मी उठलो. कपाट उघडलं. या वेळेला वाक्य शोधलं नाही. मेडल तिच्या तळहातावर ठेवलं अन् सगळं सांगितलं – नाटक, तणस, वडशाचं दुकान, पडदा, खिसा. सगळं. माझी बायको चहाचे कप घेऊन आली होती, ती तिथंच थबकली.

शेवंताबाईने मेडलाच्या काठावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. "इथी आहे का त्यायचं नाव?"

"हो," मी म्हटलं.

"वाचा."

मी वाचलं. हवालदार दामोधर. तिने पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

मला वाटलं, आता बोलेल. शिव्या देईल, थोबाडीत मारेल – मारायला हवी होती. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. मेडल पदराच्या टोकात बांधलं, गाठ दातांनी आवळली, पायरी उतरली अन् अंगणात थांबली. पाठमोरीच बोलली.

"दोन सालं मन मारून टाकला, पन यंदा पितरपाटात म्या त्यायच्या नावाचा घास कावळ्यायले कवेलूवर नाई टाकला. म्हटलं, खोट्या मानसाले कायचा घास. उपाशी गेले ते."

अन् ती गेली.