खाडीत फ्लेमिंगो बघायला, एकशे अठरा किलोंनिशी

माझ्या लेकीला, सईला, मी तीन हिवाळे टाळलं. वाशीच्या खाडीत बोटीतून फ्लेमिंगो बघायचे, असं ती दर जानेवारीत म्हणायची आणि मी ऑफिसचं कारण पुढे करायची. खरं कारण वेगळं होतं. माझं वजन एकशे अठरा किलो आहे, आणि बोटीत चढताना लोक काय म्हणतील ते मला घरबसल्याच ऐकू यायचं. सई आता तेरा वर्षांची आहे, माझ्याच बांध्याची. यंदा मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "राहू दे गं आई, तुला नको असेल तर." त्याच दुपारी, पावणे भागातल्या कारखान्यात, ऑफिसातल्या माझ्या टेबलावरून, मी बोटवाल्याला फोन लावला. वजनाचं विचारायचं ठरवलं होतं, पण शेजारी सहकारी बसले होते. विचारलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करा. आमची सकाळी आठची होती. खांदेश्वरला घरापासूनच आम्ही रिक्षा केली. पाम बीच रोड मोकळा होता, पाऊण तासात पोचलो. शेअर रिक्षा स्वस्त पडते, पण मी त्यात बसत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारचा माणूस काही न बोलता उतरून मागच्या रिक्षात जाऊन बसला होता. तेव्हापासून नाही.

जेट्टीच्या अलीकडे एका टपरीवर गरम इडली मिळते, चटणी झणझणीत असते. मला भूक होती, तरी मी फक्त चहा घेतला. चारचौघांत मी खायला लागले की लोक माझ्या ताटलीत बघतात. सईने एकच इडली खाल्ली आणि पोट भरलं म्हणाली. तिचं पोट एका इडलीने भरत नाही, हे मला माहीत होतं.

बोटवाले हरेशदादा, पन्नाशीचे, वाशी गावातलेच कोळी. ठाण्याहून आलेलं पाच जणांचं कुटुंब आधीच बोटीत बसलं होतं. बारा जणांची बोट, आम्ही धरून सात. फळीवरून चढायचं असतं आणि फळीला कठडा नाही, हे लक्षात ठेवा. मी फळीवर पाय ठेवायच्या आतच त्या कुटुंबातल्या बाई हरेशदादांना म्हणाल्या, "दादा, बॅलन्सचं बघा हां. आमच्याबरोबर लहान मुलं आहेत." माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात.

हरेशदादांनी मला लाइफ जॅकेट दिलं. त्याचा पट्टा बंद होईना. पोट आत ओढलं, श्वास धरला, तरी चार बोटं अंतर राहिलंच. बोटीत कोणी तरी हसलं. मी सईला म्हटलं, तू जाऊन ये, मी इथेच बसते.

"मग मी पण नाही जाणार," ती म्हणाली आणि स्वतःचं जॅकेट काढायला लागली.

आजवर अशा वेळी मी परत फिरत आले आहे. त्या दिवशी मात्र मी हरेशदादांना सरळ विचारलं, की अडचण माझ्या वजनाची आहे की जॅकेटची.

"ताई, बोटीला काय व्हनार नाय," ते म्हणाले. "पन जाकीट लागल्याबिगर मी कोनालाच नेत नाय. मोठं हाय, भावाच्या बोटीवर. मागवतो. थांबाल ना?"

थांबलो. वीस मिनिटं लागली. त्या बाई दोनदा घड्याळ बघून भरतीबद्दल बोलल्या. मी पाण्याकडे बघत राहिले. मान वर करायची हिंमत नव्हती. जॅकेट आलं, पट्टा बसला. फळीवर दादांनी हात दिला आणि मला मधल्या बाकावर बसवलं.

फ्लेमिंगो दिसले, खूप दिसले. कांदळवनाच्या कडेने गुलाबी पट्टाच पसरला होता. पण खरं सांगते, मला ते नीट आठवत नाहीत. बोट जरा कलली की मी बाक घट्ट धरायची आणि ती माझ्यामुळेच कलली असं वाटायचं. सई मात्र पुढे वाकून बघत होती. एक थवा उडाला तेव्हा पंखांखालचा लाल रंग तिनेच मला दाखवला.

जाड वाचकांनो, फोनवरच मोठ्या मापाचं जॅकेट आहे का ते विचारा. विचारण्यात लाज काय, असं मी म्हणणार नाही. लाज वाटतेच. तरी विचारा.

दुपारी घरी पोचलो. मी भात टाकत होते. सई ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, तुला भीती वाटत होती ना?"

मी आधी नाही म्हणणार होते. मग म्हटलं, "हो. सगळा वेळ."

"मला रोज वाटते," ती म्हणाली. "वर्गात जाताना."

मी गॅस बंद केला. मग वर्गात तिला काय काय म्हणतात ते ती सांगू लागली, एकेका मुलीचं नाव घेऊन. मला मध्येच खूप काही बोलावंसं वाटत होतं. आम्ही तिथेच फरशीवर बसलो, आणि तिचं संपेपर्यंत मी ऐकत राहिले.